मरीन टँकमध्ये तांबं शिरलं तर

मासे मजेत आहेत, खाणं टाकलं की वर झेपावतात. त्याच टँकमधले शंख मात्र वाळूवर उताणे पडलेत, कोळंबी कात टाकता टाकता मेली, ॲनिमोनी (समुद्रफूल) आक्रसून लिंबाएवढी झाली. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये असं चित्र दिसलं की तांब्याची शंका घ्यायची. अमोनिया वाढला किंवा प्राणवायू कमी पडला तर मासेही धापा टाकतात. तांबं मात्र आधी बिनकण्याच्या जिवांना गाठतं, आणि माशांना बराच काळ काही झाल्याचं दिसतही नाही.

गंमत अशी, की कोळंबी, खेकडे, माकूळ आणि बऱ्याच शंखांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन तांब्याचंच असतं. त्यांचं रक्त निळसर दिसतं ते त्यामुळेच. पण ते तांबं प्रथिनात जखडलेलं असतं. पाण्यात मोकळे फिरणारे तांब्याचे आयन कल्ल्यांवर बसतात आणि शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळणारी यंत्रणा बंद पाडतात. ॲनिमोनी आणि पोवळ्यांच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं प्रकाशसंश्लेषणही तांब्याने बिघडतं.

किती म्हणजे जास्त

खुल्या समुद्रात एका लिटरमागे तांबं बहुधा ०.३ मायक्रोग्रॅमच्या आतच असतं. घरच्या टँकमध्ये काही मायक्रोग्रॅम सापडणं नेहमीचं आहे, त्याने झोप उडवून घेऊ नये. १० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की शोधाशोध सुरू करावी. आता माशांच्या औषधाचा हिशेब बघा. आयनिक तांब्याच्या एका प्रचलित औषधाची मात्रा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम आहे. चिलेट केलेल्या, म्हणजे तांबं दुसऱ्या रेणूत जखडून ठेवलेल्या, औषधांत ती २ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडी वर जाते. जी मात्रा माशाचा जीव वाचवते, ती शंख-कोळंबीच्या धोक्याच्या रेषेच्या किमान पन्नासपट आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे कागदोपत्री अगदी पिण्यालायक असलेल्या पाण्यात औषधाच्या तिप्पट तांबं असू शकतं. “आम्ही हेच पाणी पितो, मग कोळंबीला काय होतंय” या वाक्याला एवढं उत्तर पुरे.

मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) हिशेबही एकदा डोक्यात बसवून ठेवावा. मोरचुदात वजनाच्या जवळजवळ पाव भाग तांबं असतं. २०० लिटरच्या टँकमध्ये ०.१ ग्रॅम मोरचूद, म्हणजे वजनाने तांदळाचे चार-पाच दाणे, गेला तर लिटरला सुमारे १२७ मायक्रोग्रॅम तांबं होतं. डब्यातून सांडलेली पूड पुसली आणि तोच हात पाण्यात घातला, तरी काम बिघडायला पुरतं.

मुख्य गोष्ट पुढची, आणि लोकांची फसगत होते ती इथेच. तांबं पाण्यात टिकून राहत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्यात भरपूर कार्बोनेट असतं. तांब्याचा बराच भाग कार्बोनेट होऊन दगडावर, वाळूवर बसतो, काही भाग गाळाला आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटतो. चार दिवसांनी टेस्ट केली तर शून्य. सगळे खूश. पुढे पाणी बदलून स्वच्छ झालं, किंवा वाळूच्या तळाशी गाळ सडून आम्लता वाढली, की बसलेलं तांबं हळूहळू सुटायला लागतं आणि नवीन आणलेली कोळंबी दोन दिवसांत जाते. म्हणून एका शून्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि नुसत्या पाणी बदलण्यावर विसंबायचं नाही. आधी उगम बंद करायचा, मग तांबं शोषणारं माध्यम लावायचं, आणि ते काही महिने काढायचं नाही.

तांबं शिरतं कुठून

सगळ्यात मोठं कारण औषध. माशावर पांढरे ठिपके दिसले, दुकानदाराने निळी बाटली दिली, ती मुख्य टँकमध्ये ओतली: निम्म्याहून अधिक गोष्टी अशाच सुरू होतात असं माझं मत आहे. गोड्या पाण्याच्या टँकसाठी मिळणाऱ्या गोगलगायनाशक आणि शेवाळनाशक द्रवांतही तांबं असू शकतं. लेबलवर ‘कॉपर’ हा शब्द कुठल्याही रूपात दिसला, किंवा घटकच छापलेले नसले, तर ती बाटली मुख्य टँकच्या खोलीतही ठेवू नये. “रीफसाठी (पोवळ्यांच्या टँकसाठी) सुरक्षित” या शब्दांवर घटक वाचल्याशिवाय भरवसा नको.

दुसरा उगम दुकानातल्या पिशवीचं पाणी. माशांच्या टाक्यांमध्ये बारमाही थोडं तांबं सोडून ठेवणारे दुकानदार असतात. रोग दबून राहतो, मासे विकेपर्यंत टिकतात. त्यांच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. आपण एवढंच करायचं, की मासा जाळीने उचलून घ्यायचा आणि पिशवीतलं पाणी थेंबभरही टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. दुकानदाराला सरळ विचारावं, “या लाइनला कॉपर चालू आहे का?” बहुतेक जण खरं सांगतात.

मग पाणी. हल्ली घरगुती आरओमध्ये शेवटी तांब्याचं कार्ट्रिज बसवलेलं असतं आणि ते पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. पिणाऱ्याला त्याचं कौतुक, टँकला ते विष. अशा मशीनचं पाणी मीठ कालवायला किंवा टॉप-अपसाठी, म्हणजे बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरून काढायला, वापरायचंच असेल तर मेम्ब्रेननंतर लगेच टी लावून वेगळी नळी काढून घ्यावी, म्हणजे तांब्याचं आणि मिनरलचं कार्ट्रिज दोन्ही टळतात. टॉप-अपचं पाणी तांब्याच्या हंड्यातून किंवा पितळेच्या घागरीतून आणू नका, घाईतसुद्धा नको. टीडीएस मीटरवर शून्य-दोन आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. मायक्रोग्रॅममधलं तांबं त्या मीटरला दिसतच नाही. आरओच्या मागे डीआय रेझिन (पाण्यात उरलेले आयन धरून ठेवणारे मणी) असेल तर उत्तम. मात्र ते संपल्यावरही तसंच चालवलं, तर धरून ठेवलेलं सोडायला लागतं.

यंत्रांमध्ये मात्र नीट डोकं घालावं लागतं. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यात ताक कळकतं. समुद्राचं पाणी पितळेच्या बाबतीत ताकाइतकंच निर्दय असतं. आणि टँकभोवतीचं पितळ बहुधा पितळेसारखं दिसत नाही, स्टीलसारखं दिसतं. हवेच्या पंपाला जोडायचा चार-पाच चाव्यांचा चकचकीत व्हॉल्व्ह घ्या. ब्लेडच्या टोकाने एक बारीक ओरखडा काढा. पांढरा मुलामा निघून खालून पिवळं दिसलं तर ते पितळ. चाव्यांच्या बुडाशी हिरवट-निळी भुकटी जमली असेल तर ओरखडाही काढायला नको. हा व्हॉल्व्ह टँकच्या बाहेर असतो हे खरं, पण वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं, आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांचे खारे शिंतोडे त्याच्यावर वर्षानुवर्षं बसत राहतात. स्वस्तातला प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावावा आणि विषय संपवावा. चुंबक लावून पितळ ओळखता येत नाही, पितळेला चुंबक चिकटतच नाही.

चिलरचं प्रकरण आणखी गंभीर. आपल्याकडे मार्च ते जून पाणी २६ अंशांवर ठेवायचं म्हणजे चिलर लागतो, तयार चिलर महाग पडतो, आणि जुन्या फ्रिजचा किंवा एसीचा कंप्रेसर घेऊन त्याची कॉइल सरळ सम्पमध्ये (टँकच्या खालच्या, पाणी गाळायच्या टाकीत) बुडवून देणारा कारागीर सहज सापडतो. ती कॉइल तांब्याची असते. वर रंग किंवा इपॉक्सी चढवलं तरी पिनाएवढ्या छिद्रातून सुरुवात होते. खाऱ्या पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची हवी. ते परवडत नसेल तर पंखा लावून बाष्पीभवनाने गारवा मिळवा, पण तांब्याची कॉइल पाण्यात नको. यावर तडजोड नाही.

पंप उघडून बघायची सवय ठेवावी. फिरणाऱ्या चुंबकावर प्लास्टिकचं कवच असतं. त्याला केसाएवढी चीर गेली की आत खारं पाणी शिरतं, चुंबक फुगतो, आणि कवचावर चहाच्या डागासारखी रेघ उमटते. निओडिमियम चुंबकावरचा चकचकीत मुलामा बहुतेक वेळा निकेल-तांबं-निकेल असा तीन थरांचा असतो. काच घासायच्या चुंबकी ब्रशचंही तेच. रेघ दिसली की तो भाग बाद. फुटलेला हीटर, सम्पवर लटकणाऱ्या दिव्याची उघडी वायर, ऑटो टॉप-अपचा पितळी सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), झाकणाचे पितळी स्क्रू, हेही एकेक करून बघा.

उरलेले उगम माणसांच्या हातून येतात. कोकणात पावसाच्या तोंडावर सुपारीवर आणि नाशिककडे द्राक्षांवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं. फवारणी करून आलेला हात कोपरापर्यंत साबणाने धुतल्याशिवाय टँकमध्ये जाता कामा नये. देवाची तांब्याची भांडी घासून झाल्यावरही तेच. आणि घरात लहान मूल असेल तर वाळू एकदा चाळून नाणं शोधा. पाच रुपयांच्या पिवळसर नाण्यात बहुतांश तांबंच असतं.

समुद्राचं पाणी आणून वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. बोटींच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या रंगात मुख्यतः तांब्याचं ऑक्साइड असतं. त्या रंगाचं कामच बिनकण्याचे जीव मारणं. ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा अशा ट्रॉलर उभे असलेल्या बंदरांतून पाणी भरू नये, खाडीच्या तोंडाशीही नको. तयार मिठाचं पाणी जास्त भरवशाचं.

तांबंच आहे याची खात्री

संशय आला म्हणून लगेच सगळं उपसायचं नाही. आधी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघा, अमोनिया आणि तापमान बघा. मग घरच्यांना विचारा, गेल्या आठवड्यात पेस्ट कंट्रोल झालं का, टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड किंवा झुरळांचा स्प्रे चालतो का. त्यातल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाने कोळंबी-खेकडे झपाट्याने मरतात, आणि हवेचा पंप तीच हवा पाण्यात ढकलत असतो. ही शक्यता लोक विसरतात.

तांब्याची टेस्ट घेताना किटचा पल्ला वाचा. बाजारातले बरेच रंग जुळवायचे किट औषधाची मात्रा मोजायला बनवलेले असतात. शून्यानंतरचा पहिला रंगच ०.२५ मिलिग्रॅमचा. म्हणजे २५० मायक्रोग्रॅम! तिथवर पोहोचेपर्यंत टँकमध्ये मोजायला कुणी उरत नाही. कमी पल्ल्याचा, मायक्रोग्रॅममध्ये वाचणारा डिजिटल फोटोमीटर मिळतो, तो बरा. तरी १०-२० च्या आसपासचा त्याचा आकडा अंदाज म्हणून घ्यावा. ताज्या आरओ पाण्यात नवीन मीठ कालवून त्याचीही त्याच वेळी टेस्ट करा. दोन आकड्यांमधला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो.

पक्कं उत्तर आयसीपी चाचणी देते, ती पाण्यातलं एकेक मूलद्रव्य वेगळं मोजते. जर्मनीतल्या ट्रायटन, एटीआय यांसारख्या प्रयोगशाळा समुद्राच्या पाण्याच्या नमुन्यांवर हेच काम करतात. नमुना पोहोचून निकाल यायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट बघत उपाय थांबवू नका. जवळच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर “हे समुद्राचं पाणी आहे” हे आधी सांगा आणि त्यांना कितीपर्यंतचं तांबं पकडता येतं ते विचारा. मिठामुळे नमुना पातळ करावा लागतो आणि खालची मर्यादा वर सरकते. ती मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असेल तर तो अहवाल आपल्या कामाचा नाही.

एखाद्या भागाचा संशय असेल तर स्वस्तातली युक्ती आहे. स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात लिटर-दोन लिटर नवीन खारं पाणी घ्या, तो भाग त्यात दोन दिवस बुडवून ठेवा, शेजारी तसंच पाणी नुसतं ठेवा, आणि दोन्हींची टेस्ट करा. एवढ्याशा पाण्यात तांबं साठतं आणि साधं उपकरणही ते दाखवतं. पंपासाठी पंप चालू ठेवून हेच करायचं.

पहिला दिवस

शंख, कोळंबी, खेकडे, ॲनिमोनी, जे काही जिवंत असेल ते आधी बाहेर काढा. नवीन कालवलेलं खारं पाणी, तापमान आणि क्षारता टँकइतकीच, एक हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे करणारा), लागेल तर हीटर. प्लास्टिकचा टब चालतो. त्यात टँकमधला दगड टाकू नका, आडोसा म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे द्या. मासे टँकमध्येच राहिले तरी चालतात.

उगम सापडला असेल तर तो बाहेर. सापडला नसेल तर ज्याशिवाय टँक एक रात्र चालेल ती सगळी यंत्रं बाहेर.

मग निम्मं पाणी बदला. नवीन पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) जुन्याशी जुळती हवी, नाहीतर तांब्याने न मेलेले मासे पाणी बदलल्याच्या धक्क्याने आजारी पडतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा. पण यातून किती साधतं ते ओळखून असा. लिटरला २०० मायक्रोग्रॅम तांबं असेल तर तीनदा निम्मं पाणी बदलल्यावर २५ उरतं, तेही दगडाने काही परत दिलं नाही असं धरून. म्हणून पाणी बदलणं ही सुरुवात, इलाज नाही.

त्याच दिवशी ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं आणि चिलेट केलेलं तांबं कार्बन बऱ्यापैकी ओढतो. तीन-चार दिवसांनी तो फेकून नवीन घाला. स्किमर (फेस काढून घाण बाहेर टाकणारं यंत्र) चालू ठेवा आणि ओलसर फेस येईल असा लावा. हवा भरपूर द्या, म्हणजे पीएच खाली जाणार नाही. पीएच पडला की बसलेलं तांबं मोकळं होतं आणि ते जास्त विषारी असतं.

काय करायचं नाही, तेही याच दिवशी लक्षात ठेवायचं. “जड धातू निष्प्रभ करतो” असं लिहिलेलं नळाच्या पाण्याचं कंडिशनर ओतू नका. त्यात बहुधा ईडीटीए असतं. ते तांब्याला विळखा घालून पाण्यातच फिरवत ठेवतं, शोषक रेझिनच्या हाती लागू देत नाही, आणि काही किट ते तांबं मोजतात तर काही मोजत नाहीत. आकड्यांचा घोळ होतो आणि तांबं जिथल्या तिथे राहतं.

तांबं ओढणारं रेझिन

तांबं खऱ्या अर्थाने टँकमधून बाहेर काढतं ते धातू पकडणारं चिलेटिंग रेझिन. सीकेमचं क्युप्रिसॉर्ब त्यातलं सर्वांत माहितीचं. पॉली-फिल्टर नावाचे चौकोनी पॅडही मिळतात. तांबं धरलं की त्यांवर निळी छटा येते. दोन्ही आयात माल आहे, अडीअडचणीला हाताशी असावं म्हणून आधीच घेऊन ठेवलेलं बरं.

मात्रा डब्यावर लिहिल्याप्रमाणे. रेझिन बारीक जाळीच्या पिशवीत भरून आरओ पाण्यात खळबळून घ्या, आणि पाणी त्याच्यामधून जाईल अशा जागी ठेवा: सम्पच्या दोन कप्प्यांमधली अरुंद वाट, कॅनिस्टर फिल्टर किंवा छोटा रिॲक्टर. सम्पच्या कोपऱ्यात नुसती लोंबकळणारी पिशवी फारसं काही करत नाही. पाणी आधी स्पंजमधून, मग कार्बनमधून, मग रेझिनमधून जाऊ द्या. रेझिनच्या मण्यांवर गाळ आणि बुळबुळीत थर बसला तर त्यांचं काम मंदावतं, म्हणून पिशवी दर आठवड्याला हलवून, हलकेच धुऊन परत ठेवा.

रोज बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या मण्यांचा रंग. सुरुवातीला ते फिकट, मळकट पांढरे असतात. तांबं धरायला लागले की पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूच्या मण्यांवर आधी निळसर-हिरवी झाक येते, मग काळपट निळा रंग चढतो, आणि तो पिशवीत आत आत सरकत जातो. सगळी पिशवी काळवंडली की बदलायची. किटवर शून्य दिसत असताना पिशवी रंग धरत असेल तर दगड अजून तांबं सोडतोय असं समजा; मी इथे किटपेक्षा पिशवीचं ऐकतो. वापरलेलं रेझिन हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन पुन्हा वापरता येतं, पण घरी त्या भानगडीत पडण्याएवढी बचत होत नाही.

चिलेट केलेलं औषध पडलं असेल तर सगळंच लांबतं. रेझिनला ते सावकाश सापडतं, म्हणून तिथे कार्बन आणि पाणी बदलणं यांवर जास्त भर द्यावा.

दगड, वाळू, काच

दगड ठेवायचा की टाकायचा, हे तांबं किती आणि किती दिवस होतं यावर ठरवा. एखादा व्हॉल्व्ह झिजून लिटरला वीस-तीस मायक्रोग्रॅम झालं असेल तर काहीच टाकू नका, रेझिन दोन-तीन महिने चालवा. मुख्य टँकमध्ये औषधाची पूर्ण मात्रा तीन-चार आठवडे राहिली असेल तर वाळू सरळ टाकून द्या. वाळू स्वस्त असते, तिचं पृष्ठफळ प्रचंड, आणि ती धुऊन तांबं निघत नाही. सिरॅमिक रिंगा, स्पंज, बायोबॉल, मऊ नळ्या, हेही बदला.

दगडाला एक संधी देता येते. वेगळ्या टबमध्ये खारं पाणी, पंप आणि रेझिनची पिशवी घालून दगड ठेवा, दर पंधरा दिवसांनी पाणी पूर्ण बदला. दोन वेळा लागोपाठ रेझिन कोरं राहिलं की दगड परत घ्या. दगडात जीव उरलाच नसेल तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने वरचा थर विरघळवून टाकता येतो. हे काम गच्चीत किंवा अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून, एक भाग ॲसिड दहा भाग पाण्यात. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. संडास धुवायचं पिवळं ॲसिड अशुद्ध असतं, त्यासाठी ते घेऊ नका. फेस थांबला की दगड काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग आरओ पाण्यात काही दिवस भिजवा. यात उपयोगी जिवाणूही मरतात, म्हणून टँकचं सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, पुन्हा शून्यापासून करावं लागतं आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे दुसरीकडे ठेवावे लागतात. एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन कृत्रिम दगड घेणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं. समुद्रकाठून पोवळ्याचा दगड उचलून आणण्याचा विचार मात्र करू नका. कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेलं पोवळं घरात ठेवणंही त्यात गुन्हा आहे.

काचेला तांबं लागत नाही. सिलिकॉनबद्दल फार भीती घातली जाते: एकदा औषध पडलं की तो टँक रीफसाठी कायमचा बाद. माझ्या मते हे अतिरंजित आहे. टँक रिकामा करा, गोड्या पाण्याने भरून त्यात भरपूर पांढरं व्हिनेगर घाला, पंप लावून एक दिवस फिरू द्या, कोपऱ्यातले चुन्याचे थर खरवडून काढा. तांबं असतं ते मुख्यतः त्या थरांत. पाणी टाकून दोनदा धुवा. त्यानंतर कमी पल्ल्याच्या टेस्टला काही येत नसेल तर तो टँक वापरायला हरकत नाही. पंप आणि स्किमरही याच व्हिनेगरच्या पाण्यात चालवून घ्यावेत.

काढलेलं पाणी विहीर, ओढा, तळं यांत ओतू नका, झाडांनाही घालू नका. शहरात ते सांडपाण्याच्या पाइपात जाऊ द्या. वाळू आणि रेझिन पिशवीत बांधून कोरड्या कचऱ्यात.

औषधाचा टँक वेगळा

तांबं हे औषध म्हणून वाईट नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन आणि मखमली रोगाचा अमायलूडिनियम यांच्यावर ते खात्रीने चालतं. फक्त ते परजीवीच्या पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेला मारतं. अंगावर चिकटलेल्या किंवा तळाशी कोशात बसलेल्याला नाही. म्हणून मात्रा महिनाभर न घसरता टिकवावी लागते, आणि दगड-वाळूच्या टँकमध्ये ती टिकतच नाही, कारण दगड ती खाऊन टाकतो. म्हणजे मुख्य टँकमध्ये तांबं टाकणाऱ्याचा मासा बरा होत नाही आणि कोळंबीही जाते.

चाळीस-पन्नास लिटरचा उघडा काचेचा टँक, स्पंज फिल्टर, हीटर, पीव्हीसीचे दोन-तीन तुकडे. वाळू नाही, दगड नाही. आयनिक औषध असेल तर रोज मोजायचं, आणि मात्रा दोन दिवसांत सावकाश चढवायची. इथे क्लोरिन काढणारं कंडिशनर औषधासोबत वापरू नये. काही औषधांत त्याने तांब्याचं रूप बदलून विषारीपणा वाढतो. मासे इकडे असताना मुख्य टँक माशांविना ठेवावा. शौकिनांमध्ये त्यासाठी ७६ दिवस हा आकडा रूढ आहे. तांबं नकोच असेल तर क्रिप्टोकॅरिऑनसाठी दर तिसऱ्या दिवशी मासा कोरड्या, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवत राहण्याची पद्धत आहे. चार वेळा हलवलं की परजीवी मागे राहतो. मखमली रोगावर ती चालत नाही.

या टँकची जाळी, बादली, सायफनची नळी, मोजायचं सिरिंज, सगळं वेगळं. प्रत्येकावर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण आपण गावाला गेल्यावर टँक बघणारा माणूस हाताला येईल ती जाळी उचलतो. काम करण्याचा क्रमही ठरवून घ्या: आधी मुख्य टँक, मग औषधाचा, आणि त्यानंतर हात धुतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

जीव परत आणताना

रेझिनची नवी पिशवी महिनाभर रंग न धरता राहिली आणि कमी पल्ल्याची टेस्ट नवीन मिठाच्या पाण्याइतकीच आली, की परत आणायला सुरुवात करावी. जमलं तर याच वेळी आयसीपीला नमुना पाठवा. आधी सम्पमध्ये मूठभर समुद्री शेवाळ टाका. ते पांढरं पडून विरलं नाही तर दोन-तीन शंख आणा. शंख काचेवर चढून चरायला लागले, उलटा ठेवलेला शंख आपला आपण सरळ झाला, तर दोन आठवडे तसेच जाऊ द्या. मग एकच कोळंबी. तिची खरी परीक्षा कात टाकण्याच्या वेळी होते, म्हणून तिने एकदा नीट कात टाकलेली दिसेपर्यंत दुसरी आणू नका. टबमध्ये वाचवून ठेवलेली ॲनिमोनी सगळ्यात शेवटी, आणि ती पूर्ण उघडून पाय रोवून बसली तरी रेझिनची पिशवी सम्पमधून काढायची घाई नको.